माझ्या वतीनं सून बोलेल

त्या रविवारी सकाळपासून आमचं मिठावरून वाजलं होतं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या सासूबाईंचं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे, म्हणून लग्नापासून मीही त्यांना आत्याच म्हणते. आत्यांना रक्तदाबाचा त्रास. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं आणि मी ते काम जरा जास्तच मनावर घेतलेलं.

आत्यांनी वरणाची वाटी पुढं सरकवली. "हे वरण हाय का हळदीचं पाणी?"

"वरणच आहे. गुमान खा."

"अख्खी नोकरी दवाखान्यात काढली म्या. पेशंटच्या जेवणालाबी याच्याहून चव असायची."

आत्या सरकारी दवाखान्यातून हेडसिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. करमाडच्या बाजूच्या एका खेड्यातून नर्सिंगला गेलेली त्यांच्या वस्तीतली पहिली मुलगी. आता पंच्याहत्तरी गाठली, तरी गल्लीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं, कुणाचं ड्रेसिंग बदलायचं असलं की लोक आमचंच दार वाजवतात. विहारात बायका जमल्या की आत्या त्यांचा रक्तदाब, साखर, पायावरची सूज हे सगळं तपासून, वर प्रत्येकीला थोडं रागावूनच घरी पाठवतात. अशा बाईला मी, शेंद्र्याच्या कारखान्यात नट-बोल्ट तपासणारी बाई, मीठ तोडायला शिकवत होते. वाजणारच.

पण त्या दिवशी आत्यांच्या मनात खरं मीठ नव्हतं. आदल्या दिवशी त्या त्यांच्या जुन्या मैत्रिणीला बघायला गेल्या होत्या. दोघींनी एकाच वॉर्डात पंधरा वर्षं ड्यूट्या केलेल्या. मैत्रीण दीड महिन्यापासून बेशुद्ध होती. तिला तीन मुलं. थोरला म्हणत होता, आईला घरी न्या. मधला म्हणत होता, मुंबईला न्या. धाकटा दुबईहून रोज फोन करून म्हणत होता, मी येईपर्यंत कुठंच नेऊ नका. तिघांचं दवाखान्याच्या व्हरांड्यात एवढं वाजलं की वॉचमनला मध्ये पडावं लागलं. आणि आईला स्वतःला काय हवं होतं, हे तिघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं, यांनी कधी विचारलं नव्हतं.

जेवणं झाली तशी आत्यांनी माझ्या नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावला. पुण्याच्या नणंदेला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि स्वतः खुर्ची ओढून सरळ बसल्या.

"मी तुमची परीक्षा घेणार हाय. तोंडी."

"कशाची?" नवऱ्यानं विचारलं.

"मी बेशुद्ध पडले तर माझ्या वतीनं डॉक्टरशी कुणी बोलायचं, त्याची."

माझा नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. स्वभावानं इतका हळवा की मांजराच्या शेपटीवर पाय पडला तर दिवसभर मांजराची माफी मागत हिंडतो. त्याचा चेहरा तिथंच पडला. आत्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"समजा मला झटका आला. पंधरा दिवस झाले, डोळा उघडला नाय. मोठे डॉक्टर सांगतात, मेंदू गेला, आता काही बरं होणं नाय. पण छाती भरलीय, श्वासासाठी नळी घालायची का म्हणून विचारतायत. तुझ्या हातात कागद दिला, पेन दिला. काय सांगशील?"

"आई, जेवण झाल्या झाल्या असलं काय बोलतेस!" एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ पाणीच पीत राहिला.

"एक गळाला," आत्या म्हणाल्या आणि फोनकडं वळल्या. "तू बोल."

नणंद बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिला निर्णय घ्यायची सवय आहे. "मी लगेच निघते. मी पोचेपर्यंत सगळं करायला सांगायचं. सगळं म्हणजे सगळं."

"आणि पोचल्यावर?"

"पोचल्यावर... बघू."

"बघू म्हणजे काय?"

"आई, रेंज जातीय बघ."

रेंज कुठंही जात नव्हती. तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा स्वच्छ दिसत होतं.

मी खरकटी ताटं गोळा करत होते. "तू?" आत्यांनी माझ्याकडं बघून विचारलं.

"मला कशाला विचारता? दोन पोटची लेकरं असताना?"

"विचारलं तेवढं सांग."

मी ताटं खाली ठेवली. खरं सांगायचं तर मला राग आला होता, वरणाचा अजून गेला नव्हता. "आधी तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही सांगा," मी म्हटलं. "तुमच्या मनातलं मला काय ठाऊक? वरणात किती मीठ लागतं ते ठाऊक आहे, ते मी देत नाही. बाकीचं लिहून द्या. मी डॉक्टरपुढं वाचून दाखवीन."

आत्या काही बोलणार तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" आमच्या भागात नळाला पाणी आलं की मग लग्न असो का मयत, माणूस आधी मोटर लावायला पळतो. परीक्षा तशीच सोडून आम्ही टाक्या, बादल्या, पिंपं भरायला धावलो. नणंद साखरेच्या डब्याशी एकटीच "हॅलो, हॅलो" करत राहिली.

निकाल संध्याकाळी, मेथी निवडताना लागला.

"तू पास," आत्या म्हणाल्या.

"कशी काय?"

"पोरगा रडंल. पोरगी भांडंल. तू ऐकशील."

"मी? एकोणीस वर्षांत मी तुमचं एक तरी ऐकलं का?"

"मानत नाहीस. ऐकतीस मातर सगळं. शब्दन् शब्द. नंतर भांडायला लागतो ना तुला." त्यांनी मेथीची एक काडी माझ्या ढिगातून उचलून परत निवडली. "अन् दिवसभर 'हे चालणार नाय, ते चालणार नाय' म्हणायचाच तर पगार घेतीस तू."

नवऱ्याला मी 'तू' म्हणते, यावरून पहिली दोन वर्षं ज्या बाईनं माझ्याशी अबोला धरला होता, तीच आता स्वतःचा जीव माझ्या हवाली करत होती आणि वर माझी मेथी नीट निवडलेली नाही म्हणत होती.

पुढचे तीन रविवार लिहिण्यात गेले. आत्या सांगायच्या, मी लॅपटॉपवर टाइप करायचे. पहिलंच वाक्य त्यांनी असं सांगितलं: "बरं होण्याची आशा असेल तोवर माझ्यावर सगळे उपचार करावेत."

"हे कशाला लिहायचं?" मी म्हटलं. "ते तर करतीलच."

"तुला नाय माहीत. असला कागद बघितला की लोकं घाबरतात. 'नको' हा शब्द पहिला दिसला की म्हणतात, म्हातारीला कायच नको. पहिलं 'हवं' लिही."

मग नकोची यादी. बरं होण्याची आशाच उरली नसेल तर नळी नको. छाती दाबून बरगड्या मोडणं नको. उगीच या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हलवणं नको. मग परत हव्याची यादी: दुखत असेल तर औषध हवं, त्यानं झोप लागली तरी चालेल. तोंड ओलं ठेवावं. कूस बदलावी, पाठीला जखम होऊ देऊ नये. रोज केस विंचरावेत. आणि कवळी काढून वाटीत ठेवू नये, बघायला लोक येतात.

"कवळी कायद्यात बसते का?" मी विचारलं.

"शरीर माझं हाय. लिही."

पत्ता लिहिताना मी थांबले. आत्या बोलताना अजून औरंगाबादच म्हणतात. पण कागद म्हटला की त्या नियमाला पक्क्या. "छत्रपती संभाजीनगर लिही, पिनकोडसकट," म्हणाल्या. शेवटी एक वाक्य होतं: 'मला बोलता येत नसेल, समजत नसेल, तेव्हा माझ्या वतीनं माझी सून बोलेल.' ते टाइप करताना माझी बोटं दोनदा चुकली. आत्यांनी चष्म्यातून बघितलं आणि फक्त म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ बघ."

कागदावर दोन साक्षीदार लागतात, शक्यतो ज्यांचा यात काही लाभ नाही असे, आणि सही नोटरीसमोर करावी लागते, एवढं आत्यांनी चौकशी करून ठेवलं होतं. साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त तलाठी काका आणि गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या मावशी आल्या. काका इस्त्रीचा सफारी घालून निघाले होते. रिक्षात आम्ही चौघं दाटीवाटीनं बसलो, तेव्हा मावशींच्या कानात ते हळूच म्हणाले, "घर कुणाच्या नावं करतायत, काही कळलं का?"

नोटरी म्हणजे कोर्टाजवळ टेबल टाकून बसणारे एक वयस्क वकीलसाहेब. त्यांनी चष्मा पुसून कागद वाचला. मग उलटा करून मागची बाजू बघितली.

"आपा, इसमें जायदाद किधर है?"

"नाय."

"फिर वसीयत किस चीज की?"

"माझ्या शरीराची."

वकीलसाहेबांनी परत पहिल्यापासून वाचायला घेतलं, या खेपेला ओठ हलवत. काकांना राहवलं नाही. "म्हणजे घराचं काहीच नाही यात?"

"घराचं वेगळं लिहिलंय," आत्या म्हणाल्या. "ते उघडायला मला मरावं लागतं. हे मी जिवंत हाय पण बोलता येत नाय, तेव्हाचं हाय."

काकांचा सफारी वाया गेला. तरी सही मात्र त्यांनी तलाठ्याला शोभेल अशी, पार समासापर्यंत केली.

"राजीखुशी लिहिताय ना? शुद्धीवर आहात? कुणाचा दबाव?" वकीलसाहेबांनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं.

"हिचा? ही दबाव टाकते, पण फक्त मिठाच्या बाबतीत."

जाताना आत्यांनी आणखी एक काढलं. बँकेची, घरपट्टीची कामं मुलानं करावीत म्हणून मुखत्यारपत्र करून ठेवावं का? वकीलसाहेबांनी मान हलवली. "करा, पण एक लक्षात ठेवा आपा. मुखत्यारपत्र तुमची अक्कल जागेवर आहे तोवरच चालतं. तुमची शुद्ध गेली की तेही गेलं. जिस दिन जरूरत, उसी दिन बेकार. त्यापेक्षा बँकेच्या खात्यात आत्ताच दुसरं नाव घालून ठेवा." आत्यांनी पिशवीतून छोटी वही काढली आणि हे लिहून घेतलं. निवृत्त झाल्यावरही त्या वहीशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

एक प्रत माझ्याकडं, एक आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं, आणि एक सरकारी कचेरीत जमा करायची होती. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, कारण तिथला माणूस भला निघाला आणि त्याची उगीच चर्चा नको. तिथं कुणाला विचारलं की तो पुढच्या खिडकीकडं बोट दाखवायचा. असं करत आम्ही जन्म-मृत्यूच्या खिडकीशी आलो.

"मयताचं नाव?" आतल्यानं मान खाली ठेवूनच विचारलं.

"मीच ती," आत्या म्हणाल्या.

मान वर आली.

"मयत कधी झाली?"

"अजून नाय झाली."

"मग आजी, एवढी घाई कशाला केली?"

आत्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की मागची रांगही हसायला लागली. तो माणूस ओशाळला, कागद घेऊन आत गेला, दोन साहेबांना विचारून आला, तिसऱ्याला फोन लावला. तासाभरानं कळलं की असे कागद सांभाळायला एक अधिकारी खरंच नेमलेला आहे, वरच्या मजल्यावर बसतो. खिडकीतला माणूस आम्हाला वर घेऊन गेला, प्रत जमा केली, पोच घेतली. जिन्यावरून उतरताना मात्र तो घुटमळला. "आजी, मला याची एक झेरॉक्स मिळंल का? माझ्या आईला दाखवतो."

त्यानंतर वर्षभर आत्यांनी नवऱ्याला आणि नणंदेला तो कागद घोटून घोटून पाजला. चहाला बसलो की विषय निघायचा. फोन आला की विषय निघायचा. नवरा आधी उठून जायचा, मग बसून रडायचा, मग नुसता बसायला लागला. नणंदही "बघू" म्हणायची थांबली. शेवटी दोघंही कंटाळून म्हणाले, "आई, कळलं. तुला नळी नको. आम्ही तुझं ऐकू."

मे महिन्यात आत्या करमाडला एका लग्नाला गेल्या, आमरसावर ताव मारून आल्या आणि दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले. स्वतः सिस्टर असल्यामुळं त्यांनी आमचं कुणाचं ऐकलं नाही. "लिंबूपाणी दे, बस," म्हणाल्या. त्या लिंबूपाण्यात मी साखर घातली आणि मीठ, सवयीनं, चिमूटभरच. रक्तदाबाची गोळी मात्र त्या न चुकता घेत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले. आत्या म्हणाल्या, "सिस्टर, सात नंबरची सलाईन संपलीय. दिसत नाय का?"

मला वाटलं चेष्टा करतायत. "भरते हं," मी म्हटलं.

"आधी चादर." आणि त्या वाकून आपल्याच पलंगाच्या चादरीचे कोपरे दवाखान्यात खोचतात तसे खोचायला लागल्या. एक कोपरा झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्याला त्यांचे डोळे फिरले, हात ताठ झाले. चहाचा कप माझ्या हातून कधी पडला ते कळलं नाही.

मी ओरडले. नवरा आला, त्यानं बघितलं, आणि रडायला लागला. पण रडत रडतच खाली पळाला, काकांची गाडी दारात आणली, काकांनाच चालवायला बसवलं, आईला उचलून मागच्या सीटवर घेतलं, आणि पूर्ण वाट तिचं डोकं कुशीवर वळवून धरलं. ते कसं धरायचं हे आत्यांनीच त्याला लहानपणी शिकवलेलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. रक्त तपासून आल्या तेव्हा आत्यांना फिटचा दुसरा झटका येऊन गेला होता. "सोडियम खूप खाली गेलंय," त्या म्हणाल्या.

"सोडियम म्हणजे... मीठ?" मी विचारलं.

"तसंच समजा."

डॉक्टरबाई पुढं समजावत होत्या की जेवणातल्या मिठानं सहसा एवढं होत नाही, उलट्या-जुलाब, वर ती लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी, वर नुसतं पाणी पाणी, त्यानं झालं. माझ्या कानात निम्मंच शिरलं. डोळ्यांपुढं ती वरणाची वाटी.

"त्या गुंगीत आहेत, उलटी झाली तर छातीत जाईल. एक-दोन दिवसांसाठी श्वासाची नळी घालावी लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "संमती कोण देणार?"

तेवढ्यात माझ्या नवऱ्यानं पिशवीतून आत्यांच्या कागदाची फाईल काढली. एवढ्या घाईत तो आधारकार्ड विसरला होता, चप्पल विसरला होता, पण फाईल विसरला नव्हता. "आईनं लिहून ठेवलंय," तो हुंदके देत म्हणाला. "नळी नको म्हणून. मी तिचं ऐकणार." नणंद फोनवर होती, तीही रडत होती. "दादा बरोबर म्हणतोय, वहिनी. आईची इच्छा मोडू नका."

परीक्षेत नापास झालेली दोन्ही लेकरं आता पैकीच्या पैकी गुण मिळवायला निघाली होती, आणि नेमक्या चुकीच्या प्रश्नाला.

मी फाईल घेतली. मला तो कागद पाठ होता. माझ्याच बोटांनी टाइप केलेला.

"मॅडम, या बऱ्या होतील का?" मी विचारलं.

"शक्यता चांगली आहे. सोडियम हळूहळू वाढवायला लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होते. दोन-तीन दिवसांत चित्र स्पष्ट होईल."

"खात्री?"

"खात्री मी कुणाचीच देत नाही. पण आशा सोडून द्यावी असं हे दुखणं नाही. हा कागद या वेळेसाठी नाहीच."

मी कागद नवऱ्यापुढं धरला. "पहिली ओळ वाच."

त्यानं वाचली. मग फोन तोंडाशी धरून, वर्गात वाचतात तशी, मोठ्यानं वाचली: "बरं होण्याची आशा असेल तोवर माझ्यावर सगळे उपचार करावेत."

मग नणंद नाक ओढत म्हणाली, "हे पहिलं होतं? आईनं आम्हाला दुसऱ्यापासूनच सांगितलं."

"घाला नळी," मी डॉक्टरबाईंना म्हटलं.

फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मी 'सून' लिहिलं. मुलगा शेजारी उभा असताना सून सही करते म्हणून तिथल्या सिस्टरनं वर बघितलं, तेव्हा मी आत्यांच्या कागदावरची शेवटची ओळ दाखवली. माझ्या सहीखाली नवऱ्यानंही सही केली. कुणी मागितली नव्हती. मला एकटीला ते वजन नको म्हणून केली, असं त्यानं नंतर सांगितलं.

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस मी त्या काचेच्या दाराबाहेर बसून काढला. बसल्या बसल्या मला एक वेगळीच भीती लागली. 'हवं' वाचून दाखवणं सोपं होतं. उद्या डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या की आता आशा नाही, तर? तर मला दुसरी ओळ वाचावी लागेल. मी मनातल्या मनात ती म्हणून बघितली. पहिल्यांदा जमली नाही. पाचव्यांदा जमली. एवढी वर्षं मला वाटायचं की मी आत्यांना घाबरत नाही. त्या दुपारी कळलं, त्या नसतील तर मी कुणाशी भांडू, याचीच मला खरी भीती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नळी निघाली. संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. आत्यांचा आवाज पार बसला होता, खरखर करत होता.

"नळी कुणी घातली?"

"मी घालायला लावली."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. मग गालाला हात लावला. "पण चिकटपट्टी कुणी लावली ती? वाकडी. सगळी कातडी ओढली जाते." आणि तिथल्या सिस्टरला हातानं बोलावून, त्या बसलेल्या आवाजात, पट्टी कशी लावायची हे त्यांनी तिला शिकवलं. तीही बिचारी "हो मॅडम, हो मॅडम" करत ऐकत राहिली.

सोडियमची गोष्ट कळली मात्र, आत्यांना जन्माचं हत्यार मिळालं. डॉक्टरबाईंनी गोळी बदलली, बेताचं मीठ चालेल म्हणून सांगितलं, दोष गोळीचा आणि उलट्यांचा हेही परत समजावलं. काही उपयोग झाला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या एकच सांगत: "सुनेनं मीठ तोडलं, माझा मेंदू आळणी झाला." तलाठी काका तर हे ऐकायला दोनदा आले.

घरी आल्यावर आठवड्यानं त्यांनी कागद परत काढायला लावला. "यात बदल करायचाय. करता येतो कधीबी." मग मुलाला समोर बसवलं.

"तू रडलास?"

"हो."

"रडत रडत गाडी आणलीस?"

"हो."

"माझं डोकं कुशीवर धरलंस?"

"हो, आई."

"मग पास. काठावर." आणि माझ्या नावाखाली त्यांनी त्याचं नाव घालायला लावलं. नणंदेनं फोनवरून विचारलं, माझं काय? आत्या म्हणाल्या, "तू आधी पूर्ण कागद वाच. पहिल्या ओळीपासून." आम्ही परत रिक्षा केली, परत वकीलसाहेबांपुढं बसलो. काका या वेळी साध्या शर्टातच आले.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं, माझंही लिहून टाकावं. पंचेचाळिशी म्हणजे काही वय नाही, पण शेंद्र्याच्या रस्त्यावर कंपनीच्या बसमधून रोज जाणाऱ्या माणसानं वयाचा भरवसा धरू नये. माझ्या वतीनं कोण, हा प्रश्न आला तेव्हा आत्या लगेच म्हणाल्या, "मी हाय की."

"आत्या, तुम्ही शहात्तरच्या."

"मग? तुझ्याआधी मीच जाणार असं कुणी लिहून दिलंय का?"

मी नवऱ्याचं नाव घातलं. त्याला कागद वाचायला दिला. तो गॅलरीत जाऊन बसला आणि तासभर आलाच नाही. आला तो हातात लाल पेन घेऊन. वहीवर मारतात तशा तीन खुणा मारून आणलेल्या.

"पहिली शंका. इथं लिहिलंयस, 'खोलीत नातेवाइकांची गर्दी नको.' यात आईला धरायचं का?"

"मला ऐकू येतंय," आतून आवाज आला.

आम्ही दोघं गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं. दुसरी शंका शुद्धलेखनाची होती, ती त्यानं स्वतःच सुधारली होती. तिसऱ्या खुणेपाशी मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसता लाल ठिपका.

"इथं काय?" मी विचारलं.

"इथं काही नाही. तुला भीती वाटते का, एवढंच विचारायचं होतं."

"वाटते."

"मलापण." तो पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "ती गर्दीची ओळ जरा बदलू या का?"

आम्ही बरीच खाडाखोड केली. शेवटी ती ओळ अशी झाली: 'खोलीत गर्दी नको, पण कुणीतरी एक जण कायम बसलेलं असावं.' कोण, ते लिहिलं नाही. तो म्हणाला, ते लिहायची गरज नाही.